तारीख पुढच्या बाजूला, वय कडेवर

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वर्षभरात इथल्या जुन्या बाजारांतून अमेरिकेच्या पहिल्या पिढीतल्या पुढाऱ्यांची तीन ब्राँझची पदकं घेतली. पहिलं जेफरसनचं, व्यास ७६ मिमी. त्यावर १८०१ साल आहे, मागे हस्तांदोलन आणि ‘पीस अँड फ्रेंडशिप’ ही अक्षरं. कड कोरी. ‘दोनशे वर्षांपूर्वीचं’ असं सांगून विकणाऱ्याने ६५ डॉलर घेतले. दुसरं वॉशिंग्टनचं, ६८ मिमी. मागे घोड्यांवरचे सेनाधिकारी, समोर बॉस्टन शहर, आणि रोमन आकड्यांत १७७६. कडेवर बारीक शिंगासारखं चिन्ह आणि ‘ब्राँझ’ हा शब्द. तिसरं फ्रँकलिनचं, ४४ मिमी, कडेवर ‘मेडॅलिक आर्ट कंपनी, न्यू यॉर्क’.

चिपळूणहून आई आली आहे. वॉशिंग्टन काळा पडलाय म्हणून तिने तो देवाच्या तांब्यासारखा चिंच-मिठाने घासून लख्ख केला. महिनाभरात त्याच्या खाचांत फिकट हिरवे ठिपके उठले आहेत. ही पदकं खरी आहेत का? वॉशिंग्टनचं काय करू? आई जूनमध्ये परत जाईल तेव्हा तिन्ही वडिलांसाठी पाठवावीत का? त्यांना नाण्यांचा नाद आहे. आणि महिना ५० डॉलरमध्ये पुढे काय जमवावं?

उत्तर:

आधी वॉशिंग्टन. बाकीचे प्रश्न थांबतील, हा थांबणार नाही.

आईंना काही बोलू नका. घरच्या तांब्याला चिंच-मीठ लागतं ते बरोबरच आहे. तो रोज घासला जातो, रोज भरपूर पाण्याने धुतला जातो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पदकाचं तसं नसतं. घोड्यांचे पाय, अक्षरांची पोटं, चेहऱ्याभोवतीची खाच अशा जागी शिरलेलं मीठ एका धुण्यात निघत नाही. चिंचेतल्या आम्लाने वरचा तपकिरी थर विरघळला आणि खालचं कोरं तांबं उघडं पडलं. घासल्यावर दिसते ती गुलाबी झाक त्याचीच. त्या उघड्या तांब्याला मिठातलं क्लोराइड चिकटलं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची फिकट हिरवी भुकटी होते आणि सोबत थोडं आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, पुन्हा भुकटी होते. एकदा सुरू झालं की बाहेरून काही न घालताही हे चक्र चालू राहतं. संग्राहक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात.

पण प्रत्येक हिरवा डाग म्हणजे हा रोग नव्हे, तेव्हा आधी नीट ओळखा. गडद हिरवा, कडक, नखाने न निघणारा कळंक जुना आणि शांत असतो, त्याला हात लावू नका. चिकट, तेलकट, पसरट हिरवेपणा मऊ व्हिनाइलच्या पाकिटातून येतो. फिकट, कोरडी, खडूसारखी भुकटी, जी पुसली तरी आठवड्याभरात त्याच जागी परत येते, ती घातक. तुमचं वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी जुळतं.

करायचं ते असं. बांबूच्या टोकदार काडीने (दातकोरणं चालेल, पिन किंवा सुई नको) भिंगाखाली भुकटी सुटी करा आणि मऊ ब्रशने झटका. काचेच्या वाडग्यात पदक पूर्ण बुडेल इतकं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि २४ तास ठेवा. पाणी बदला, पुन्हा २४ तास. असं किमान चार वेळा. नळाचं पाणी अजिबात नको, त्यात क्लोराइड असतं, म्हणजे जे काढायचं तेच पुन्हा घालणं झालं. मग सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं बुडवा, म्हणजे खाचांतलं पाणी बाहेर येईल. शेवटी केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दहा मिनिटं. खोली हवेशीर असू द्या, जवळ ज्योत नको आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय यंत्र लावू नका.

नंतर सहा आठवडे सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवून दर रविवारी भिंगातून बघा. ठिपके परत आले तर घरगुती उपाय थांबवा. पुढचा टप्पा सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणाचा किंवा बेंझोट्रायाझोलचा असतो. यातलं दुसरं विषारी आहे. ते काम धातूच्या वस्तूंची देखभाल करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. खर्च पदकाच्या किमतीपेक्षा जास्त येईल, तेव्हा ते द्यायचं की नाही याचा विचार तुम्हीच करा.

तपकिरी रंग परत आणण्यासाठी बाजारात गंधकयुक्त द्रावणं मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी येणारा काळपट रंग एकसारखा आणि निर्जीव असतो, भिंगाखाली लगेच ओळखू येतो, आणि मग पदकावर ‘घासलेलं’ बरोबर ‘रंगवलेलं’ असाही शिक्का बसतो. कोरड्या जागी सोडून द्या, काही वर्षांत ते आपोआप तपकिरी होईल. मेणाचा पातळ हात दिला तर ओलावा अडतो, पण रंग धरण्याचा वेगही मंदावतो. तुमच्याकडे सध्या कोरडी हवा आहे, मेण लावू नका. पुढे कधी विकलंत किंवा कुणाला दिलंत तर ‘घासलेलं आहे’ हे आधी सांगा.

आता वय.

या छंदात नवखा माणूस हमखास फसतो तो एकाच जागी: पदकावर कोरलेलं साल हे ते पाडल्याचं साल आहे असं तो धरून चालतो. नाण्यांच्या सवयीने ही चूक होते, कारण नाण्यावरचं साल बहुधा पाडल्याचंच असतं. पदकावरचं साल घटनेचं असतं. पदक कधी पाडलं हे बघायचं कडेवर, धातूत आणि पृष्ठभागाच्या रंगात.

उदाहरण अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सचं घ्या. त्याच्या पदकावर १७९७ आहे. पण अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीत त्याचं शांतिपदक (सरकार मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांना देत असे ते) निघालंच नाही. रांगेतली ती रिकामी जागा नंतर भरली गेली. तो चेहरा कोरला मॉरित्झ फ्युर्स्टने, आणि फ्युर्स्ट अमेरिकेत पाऊल ठेवतो १८०७ मध्ये.

तुमचं वॉशिंग्टनचं पदक मूळचं पॅरिसचं. इंग्रज फौजेने १७ मार्च १७७६ रोजी बॉस्टन सोडलं आणि २५ मार्चला अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने वॉशिंग्टनला सोन्याचं पदक द्यायचा ठराव केला. पदक प्रत्यक्ष हाती यायला १७९० उजाडलं. दरम्यान अमेरिकेत इतकं मोठं पदक पाडण्याची सोय नव्हती म्हणून काम पॅरिसला गेलं, साचे पिएर-सिमॉन-बेंजामिन डुव्हिव्हिएने कोरले, आणि शेवटच्या टप्प्यात देखरेख तिथला अमेरिकेचा वकील टॉमस जेफरसन करत होता. ते सोन्याचं पदक आज बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. वॉशिंग्टनला मिळालेला चांदीच्या ११ पदकांचा संच पुढे डॅनियल वेबस्टर या राजकारण्याकडे गेला, तो आता मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे.

पण मागणी होती, म्हणून पॅरिसची टांकसाळ हे पदक नंतरही पाडत राहिली, साचे झिजले तसे नकलेचे नवे साचे करून. अशा मागाहून पाडलेल्या प्रतींना ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. सुदैवाने १८३२ पासून ही टांकसाळ कडेवर चिन्ह मारते, आणि ते ठरावीक काळाने बदलत गेलं. जुन्या धाटणीचा तेलाचा दिवा असेल तर १८३२ ते १८४१. जहाजाचा नांगर १८४१-४२, फार थोडा काळ. जहाजाची नाळ १८४२ ते १८४५. बोट दाखवणारा हात १८४५ ते १८६०. मधमाशी १८६० ते १८७९. आणि १८८० पासून आजपर्यंत फळाफुलांनी भरलेलं शिंग. चिन्हाशेजारी धातूचं नाव असतं. जुन्या प्रतींवर तांब्यासाठीचा फ्रेंच शब्द ‘क्युव्र’, नंतरच्यांवर ‘ब्राँझ’.

म्हणजे तुमचं शिंग आणि ‘ब्राँझ’ सांगतात की ते १८८० नंतरचं, पॅरिसच्या टांकसाळीचं अस्सल रीस्ट्राइक आहे. बनावट नाही, मूळही नाही. शिंगाचा काळ मोठा असल्याने आणखी नेमकं वय रंगावरून थोडं सांगता आलं असतं. तो पुरावा चिंचेसोबत वाहून गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच प्रतींच्या कडेवर सालही असतं. कड दिव्याखाली तिरपी धरून पूर्ण फिरवून बघा, चार आकडे सापडले तर प्रश्नच मिटला.

याच पदकाची कोरी कड दिसली तर मात्र सावध. कोऱ्या कडेचे चार अर्थ होतात: १८३२ पूर्वीची पॅरिसची प्रत, अमेरिकेच्या फिलाडेल्फियातल्या टांकसाळीने नकलेच्या साच्यांनी पाडलेली प्रत, कुणीतरी ओतलेली नक्कल, किंवा चिन्ह घासून काढलेलं रीस्ट्राइक. शेवटचं पकडायला व्हर्नियर लागतो. व्यास चार दिशांनी मोजा. एकाच दिशेला ०.२ मिमी कमी भरला आणि तिथे कड सपाट, बारीक समांतर रेघांची दिसली, तर तिथे काहीतरी होतं ते गेलं आहे. विकणारा ‘बेकर ४७’ किंवा ‘बेट्स ५४२’ असा यादीतला क्रमांक सांगेल. त्या क्रमांकाने नक्षी कळते, वय नाही. बेकरच्या क्रमांकापुढे अक्षर आहे का ते विचारा, प्रकारातले फरक तिथे नोंदलेले असतात.

जेफरसनकडे येऊ. १८०१ च्या या पदकाचा साचा जॉन राइखचा. ही पदकं सरकार मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांना देत असे. लुईस आणि क्लार्क अमेरिकेचा पश्चिम भाग शोधायला १८०४ च्या मोहिमेवर निघाले तेव्हा अशी पदकं बरोबर होती. मागच्या बाजूला हस्तांदोलनाच्या वर जी दोन आयुधं एकमेकांवर आडवी दिसतात ती कुऱ्हाड आणि तंबाखूची चिलीम. पण त्या वेळची पदकं चांदीची होती, आणि जेफरसनची तर भरीवही नव्हती: पुढचा आणि मागचा असे दोन पातळ पत्रे वेगवेगळे ठोकून कडेच्या पट्टीने जोडलेले. भरीव चांदीची सुरुवात मॅडिसनपासून झाली. तेव्हा भरीव ब्राँझचा जेफरसन हा संग्राहकांसाठी टांकसाळीने नंतर पाडलेलाच असणार, हे हातात घेताक्षणी ठरतं.

नंतर म्हणजे केव्हा? इथे रंग बोलतो. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाची टांकसाळ शुद्ध तांब्याची चकती ठोकायची आणि मग ब्राँझिंगची पूड चढवून तापवायची. त्याने येणारा लालसर तपकिरी रंग, पॉलिश केलेल्या शिसवी फर्निचरच्या जवळ जाणारा, खोल आणि एकसंध असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पिवळसर, मंद, पितळी छटेची पदकं निघाली. त्यानंतरची हलकी किंवा मध्यम तपकिरी, रेशमी पोताची, उंचवट्यांवर जरा उजळ आणि खाचांत गडद, बऱ्याचदा वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर. जुन्या बाजारात मिळणाऱ्या ७६ मिमी जेफरसनांत या शेवटच्या प्रकाराचीच गर्दी असते. ६५ डॉलर त्याला जास्त झाले, साधारण २०-२५ पुरे होते. लालसर तपकिरी निघाला तर मात्र तुम्ही स्वस्तात सुटलात. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघून ठरवा. पिवळ्या बल्बखाली सगळेच लालसर दिसतात.

(जाता जाता: ‘ब्राँझ’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर काशाची वाटी येते, तांबं आणि कथील. टांकसाळीचं पदकांचं ब्राँझ साधारण ९० भाग तांबं आणि १० भाग जस्त असतं, म्हणजे धातूच्या नात्याने पितळेचं भावंड. आणि एकोणिसाव्या शतकातलं ‘ब्राँझ’ पदक तर बहुधा निव्वळ तांबंच.)

ओतीव नक्कल ओळखायला तीन गोष्टी पुरतात: ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, डिजिटल व्हर्नियर आणि १० पट भिंग. गरम धातू थंड होताना आकसतो. ब्राँझ साधारण दीड टक्का. खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेली ६८ मिमीची नक्कल ६७ च्या आसपास भरते. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. ठोकून पाडलेल्या पदकात अक्षराची भिंत सरळ उभी असते.

वजनाचा हिशेब घरी करता येतो. जेफरसनचा व्यास ७.६ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंमी. सरासरी जाडी ५ मिमी धरली तर घनफळ साडेबावीस घन सेंमीच्या जवळपास, आणि ८.८ घनतेने वजन २०० ग्रॅम. जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूचं तेवढंच पदक दीडशेच्या आसपास येईल, शिशाचं अडीचशेच्या. जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून दहा टक्के इकडेतिकडे झालं तर घाबरू नका. त्याहून जास्त फरक आला तर थांबा. आणखी एक प्रकार म्हणजे विद्युत-मुलाम्याने दोन पातळ कवचं बनवून आत शिसं भरलेली नक्कल. तपशील इतका सुरेख असतो की भिंगही फसतं. तिची कड बघा, मध्यावरून गोल फिरणारी सांध्याची रेघ असते. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी काडीने हलकं टिचकावलं तर भरीव पदक घुमतं, ही ‘थड्’ करते.

ओतीव म्हणजे नक्कल हा नियमही डोळे मिटून लावू नका. वॉशिंग्टनच्या शपथविधीच्या शताब्दीला, १८८९ मध्ये, ऑगस्टस सेंट-गॉडन्स आणि फिलिप मार्टिनी या शिल्पकारांनी घडवलेलं मोठं पदक मुळातच ओतीव आहे.

फ्रँकलिनबद्दल फार सांगायला नको. कड स्वतःच बोलते. मेडॅलिक आर्ट कंपनी १९७२ मध्ये न्यू यॉर्कहून कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला गेली, म्हणून ‘न्यू यॉर्क’ लिहिलेलं त्याआधीचं. मागे ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’ लिहिलेलं असेल तर ते न्यू यॉर्क विद्यापीठाने उभारलेल्या, निवडक थोर अमेरिकनांच्या सन्मानदालनावरच्या मालिकेतलं, १९६० च्या दशकात सुरू झालेल्या. त्याला कधीही अ‍ॅसिटोन लावू नका. विसाव्या शतकातल्या अशा पदकांवर लॅकर असतं, ते अ‍ॅसिटोनने सुटतं आणि पदक ठिपक्याठिपक्यांचं होतं. ‘चिकट हिरवेपणाला अ‍ॅसिटोन’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो लॅकर नसलेल्या पदकांपुरता खरा आहे, आणि तोही शुद्ध अ‍ॅसिटोनचा. नखांचा रंग काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध असतो.

महिना ५० डॉलरचं काय करावं? माझं मत या ४४ मिमी ‘हॉल ऑफ फेम’ मालिकेच्या बाजूने आहे. चेहरे वेगवेगळ्या शिल्पकारांनी घडवले, त्यामुळे दहा पदकं शेजारी ठेवली तरी कंटाळा येत नाही. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, फ्रँकलिन आणि सरन्यायाधीश जॉन मार्शल हे त्या दालनासाठी १९०० मध्ये झालेल्या पहिल्याच निवडीतले. मॅडिसन आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १९०५ चे, हॅमिल्टन १९१५, पॅट्रिक हेन्री १९२०, मन्रो १९३०, टॉमस पेन १९४५. मूळ अर्धपुतळ्यांची कमानदार ओळ ब्राँक्समध्ये उभी आहे. ते आवार आता ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजचं. एडिसनहून एका शनिवारात जाऊन येता येईल, पदक घेण्याआधी चेहरा बघून ठेवा.

दुसरा रस्ता टांकसाळीच्या तीन इंची अध्यक्षमालेचा. पहिले सहा, वॉशिंग्टन ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, एवढीच रांग धरली तर तीन-चार महिन्यांत पूर्ण होते. हॅमिल्टन अध्यक्ष नव्हता म्हणून या रांगेत नाही, पण अर्थमंत्र्यांच्या (सेक्रेटरी ऑफ द ट्रेझरी) मालेत मिळतो. त्यानंतर सहा महिने काही न घेता पैसे साठवा आणि लालसर तपकिरी तांब्याचं एकच चांगलं पदक घ्या. १९६०-७० च्या दशकांत वर्गणीदारांसाठी हजारोंनी पाडलेले लाकडी पेटीतले संच दिसायला देखणे असतात, पण विकायला गेलं की कुणी विचारत नाही. पेटीच्या मोहात पडू नका.

लिलावात बोली लावताना खरेदीदाराचं अधिमूल्य, म्हणजे बोलीवर लिलाववाले घेतात ती वरची रक्कम, विसरू नका. ते अनेक ठिकाणी २० टक्के असतं. ४० वर बोली थांबली तर ४८ झाले, वर टपाल. म्हणजे तुमच्या ५० ची खरी बोली ३३-३५ ची. घेण्याआधी विकणाऱ्याकडे कडेचे चार बाजूंचे फोटो, मिलिमीटरमध्ये व्यास आणि ग्रॅममध्ये वजन मागा. कडेचा फोटो द्यायला जो कुरकुर करतो त्याला नम्रपणे राम राम.

आता चिपळूण. जूनमध्ये पाठवण्याला माझा विरोध आहे. एक, पाऊस. मीठ लागलेल्या वॉशिंग्टनला कोकणातला जून-सप्टेंबर म्हणजे पाण्यातच ठेवल्यासारखं. ब्राँझला सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी. तिकडे पावसाळ्यात ती दुप्पट असते. दोन, कायदा. १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षांवरच्या कलावस्तूला पुरावस्तू म्हणतो, आणि अशी वस्तू भारताबाहेर नेणं खासगी माणसाला करता येत नाही. तुमचं वॉशिंग्टन १८८० नंतरचं इतकंच कळलं आहे, म्हणजे ते शंभरीच्या कुठल्याही बाजूला असू शकतं. एकदा घरी पोचलं की परत आणताना विमानतळावर वय सिद्ध करत बसावं लागेल. ते कायमचं वडिलांना द्यायचं असेल तर प्रश्न नाही. फक्त दाखवायचं असेल तर फोटो पाठवा.

फ्रँकलिन मात्र, मागे ‘हॉल ऑफ फेम’ लिहिलेलं असेल तर, खुशाल पाठवा, लॅकर आहे आणि शंभरीचा प्रश्नही नाही. खरेदीची पावती सोबत द्या. ठेवण्याची सोय अशी सांगा: रबरी पट्टीचं घट्ट झाकण असलेला पॉलिप्रॉपिलिनचा डबा, दहा लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारं कागदी कार्ड. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते घरात नको. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात हे दर तीन-चार आठवड्यांनी करावं लागेल. पदक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. व्हिनाइलचं मऊ, वास येणारं पाकीट नको, वर्तमानपत्राचा कागद नको, रबरबँड नको, डांबरगोळ्या नकोत. नव्या प्लायवूडच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटते, तेव्हा डबा लोखंडी कपाटात बरा. पदक नेहमी कडेने धरायचं, अंगठा चेहऱ्यावर टेकवायचा नाही. घामातही मीठच असतं.

आणि पाकिटात एक चिठ्ठी घाला, पेन्सिलने लिहिलेली: कुणाचं पदक, व्यास, वजन, कडेवर काय आहे, कुठे केव्हा घेतलं, किती दिले. वॉशिंग्टनच्या चिठ्ठीवर शेवटी ‘चिंच-मिठाने घासलेलं’ आणि तो महिना, साल.